वसईच्या संताचा कौल

ज्या रविवारी आई मला वसईला घेऊन निघाली, त्याच रविवारी परळच्या मैदानावर सभा होती आणि आमच्या चाळीतल्या मुली तिथं गाणं म्हणणार होत्या. मी पहिल्या रांगेत होते. महिनाभर घसा खरवडून तालीम केलेली. आणि आई म्हणते, चल, संताला कौल लावायचाय. मी इतकी चिडले की आदल्या दिवशी जेवले नाही, आणि जेवले नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही म्हणून आणखी चिडले.

तेव्हा आमच्या घरात कुणी कुणाच्या जेवणाकडं बघत नव्हतं. आम्ही लालबागला राहायचो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, लाल बावट्याचे, देवबिव न मानणारे. आई गावाकडून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. तीस-चाळीस माणसं रोज आमच्या दारात बसून जेवून जायची आणि घरातला एकच माणूस पानावर नसायचा. तो म्हणजे माझा मोठा भाऊ.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत गोळीबार झाला त्या दिवसांतली गोष्ट. दादा रोज मोर्चात असायचा. गोळीबारानंतर पोलीस चाळीचाळींत शिरून पोरं उचलायला लागले, तेव्हा वडीलच त्याला म्हणाले, थोडे दिवस कुठंतरी जा. शीवला त्याचा एक मित्र होता. संध्याकाळी दादा एक सदरा पिशवीत टाकून निघाला, 'दोन दिवसांत येतो' म्हणाला. तो मित्राकडं पोचलाच नाही. लालबाग ते शीव केवढंसं अंतर, पण तेवढ्यात तो कुठं गेला ते आम्हाला कळलं नाही.

आईनं इस्पितळं पालथी घातली, तुरुंगांच्या दारांत उभी राहिली. कुणी सांगायचं, बेळगावला सत्याग्रहात पाहिला. कुणी म्हणायचं, पुण्यात नाव बदलून राहतो. प्रत्येक बातमीनं घर उठून उभं राहायचं आणि परत बसायचं. वर्ष उलटलं, निवडणुका झाल्या, समितीचे लोक निवडून आले, चाळीत गुलाल उधळला. वडील गुलालात नाचले आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडले. मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. दादा आला तर यावा, मेला असला तर कळावं, पण हे असं लोंबकळत राहणं नको, असं मला वाटायचं, आणि असं वाटतं म्हणून माझा मलाच राग यायचा.

संताची गोष्ट घरात आणली ती वसईवालीनं. खाणावळीसाठी आई भाजी दादरला घ्यायची, आणि गेली कित्येक वर्षं एकाच बाईकडून घ्यायची. लाल लुगडं, हातात कोपरापर्यंत बांगड्या, गळ्यात खुरीस, म्हणजे क्रूस. आपल्या माणसांशी ती जे बोलायची त्यातलं आम्हाला निम्मंही कळायचं नाही, पण आमच्याशी बाजारातली मराठी बोलायची. आईचं सगळं तिला ठाऊक होतं. एकदा वांगी तोलता तोलता ती म्हणाली, "ताय, अमच्या वसईत एक संत जन्मलाय. सगळ्या जगात त्याची मूर्ती पूजतात, पण जन्मला अमच्या किल्ल्यात. हरवलेलं माणूस त्याला विचार."

त्या 'विचार'वर आई अडकली. वसईवालीला म्हणायचं होतं, प्रार्थना कर. आमच्या कोकणात देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालून वाट बघायची. देवाची उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गावच्या देवाला आईनं तीनदा कौल लावायला सांगितला होता आणि तिन्ही वेळा गुरवानं कळवलं होतं, उजवा पडला, धीर धरा.

"मग आणखी काय पाहिजे?" मी विचारलं.

"गावचो देव आपल्याक वळाखता," आई म्हणाली. "वळखीचो देव धीर देता गो, खरा सांगणा नाय. ह्या देवाक आपला नाव ठावक नाय, गाव ठावक नाय. तो कोणाची भीड धरूचो नाय."

माणूस मोठ्या डॉक्टरकडं जातो तशी ती निघाली होती. वडिलांना वाटलं असतं तर ते अडवू शकले असते. त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, "जावा. पण काय पडला तां माका सांगू नको."

तर आई, मी आणि वसईवाली, अशा आम्ही तिघी निघालो. गाडीनं वसईपर्यंत आणि पुढं टांग्यानं किल्ल्यापर्यंत. आईचा निर्जळी उपास. तिच्या पिशवीत नारळ, तांदूळ, गूळ आणि मेणबत्त्यांचा पुडा, कारण 'देवाच्या घराक देवाचो रिवाज'. पाकळ्यांसाठी वसईवालीनं स्वतःच्या अंगणातली जास्वंद ओल्या फडक्यात बांधून आणली होती. टांग्यात मी अंग चोरून बसले होते आणि मनात सभेचं गाणं म्हणत होते. आता मैदान भरत आलं असेल, आता शाहीर उठला असेल, आता माझ्या जागेवर तळमजल्यावरची ती बेसूर पोरगी उभी राहिली असेल. घोडा चालत होता का रांगत होता कोण जाणे.

किल्ल्याच्या दरवाजाशी उतरलो आणि आईनं वहाणा काढल्या.

"ताय, देऊळ अजून लांब हाय," वसईवाली म्हणाली.

"जल्मलो तो ह्याच किल्ल्यात ना? मग सगळी जमीन त्याचीच."

आणि ती चालायला लागली. आत काय, सगळं रान. बाभळी, करवंदीची जाळी, माडा-ताडांच्या मधून चढत गेलेल्या काळ्या भिंती, वाळलेल्या गवतात लपलेले काटे. मी वहाणा काढल्या नाहीत. शाळेत हा किल्ला आम्ही शिकलो होतो तो मराठ्यांनी जिंकलेला म्हणून, तेव्हा मी तिथं जरा मालकिणीसारखीच चालत होते. वसईवाली मात्र प्रत्येक पडक्या भिंतीपाशी कपाळाला आणि छातीला हात लावत होती. माझ्या लेखी जिथं आमचा विजय होता, तिथं तिची देवळं पडलेली होती. हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. मी वहाणा तरीही काढल्या नाहीत, पण चाल थोडी बदलली.

"तुमचा महाराष्ट्र झाला तर अमची वसई त्यात येणार नं?" तिनं मध्येच विचारलं.

"येणार म्हणजे काय? आहेच की."

"मग बरं. कोण कोण विचारतात, तुम्ही पाववाले, तुम्ही कोण? मी म्हणते, मराठीत भांडून बघ, मग सांगते कोण ते."

मी त्या दिवसात पहिल्यांदा हसले. आई हसली नाही. तिच्या टाचेत काटा मोडला होता आणि तो काढायलाही ती थांबत नव्हती.

संताची गोष्ट वसईवालीनं त्या वाटेवर सांगितली. बाप फिरंगी शिपाई, आई इथलीच, वसईची. पोरगा पाद्र्यांच्या शाळेत वाढला. मिसरूड फुटायच्या आत एका पाद्र्याबरोबर जहाजात बसून गेला, तो पार जपानला. तिथं व्यापार केला, पैसा मिळवला, मग सगळं सोडून साधू झाला. आणि मग तिथल्या राजानं त्याला त्याच्या साथीदारांसकट खुरिसावर बांधून भाल्यांनी मारलं.

आई थांबली. इतका वेळ काट्यानं थांबली नव्हती, ती थांबली.

"परत इलो नाय?"

"नाही ना ताय. तिथंच संपवला. म्हणून तर संत."

"आणि तेची आवस?"

वसईवालीनं खांदे उडवले. "तिचं कुठं काय लिवलंय? असंल इथंच. अमच्यातलीच कोणतरी."

मला वाटलं, झालं. आता आई मागं फिरणार. ज्याला स्वतःच्या आईकडं परत येता आलं नाही, तो हिच्या पोराला काय आणून देणार? खरं सांगते, मला आशाही वाटली, की अजून निघालो तर सभेचा शेवट तरी सापडेल. पण आईनं पदरानं तोंड पुसलं आणि मग ती आधीपेक्षा भराभर चालायला लागली.

देवळाला छप्परच नव्हतं. दर्शनी भिंत तेवढी उंच, कोरीव, दिमाखदार, आणि दारातून आत गेलं की वर आभाळ. वर्षातून एकदा सणाला इथं मिस्सा, म्हणजे पाद्र्याची पूजा, होते, एरवी बकऱ्या चरतात, असं वसईवाली म्हणाली. मूर्ती नव्हतीच. मूर्ती गावातल्या देवळात, तिकडं नेते म्हणाली. आईनं मान हलवली. मूर्ती कुणीही कुठंही नेऊन ठेवतो, जन्माची जागा हलत नाही, हे तिचं गणित. आत एका कडेला जुना दगडी खुरीस उभा होता. त्याचे दोन आडवे हात बघून आईचा चेहरा उजळला. कौल लावायला याहून सोयीचा देव तिनं पाहिला नसेल.

फक्त एक अडचण. "ह्याचा तोंड खयच्या बाजूक?" आईनं विचारलं. उजवा-डावा ठरायचा तर आधी देवाला तोंड पाहिजे. वसईवाली गोंधळली. जन्मभर खुरिसापुढं गुडघे टेकलेल्या बाईला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शेवटी दोघींनी मिळून ठरवलं की यजमान दाराकडं तोंड करून उभा राहतो, तसा हाही दाराकडंच बघत असणार. म्हणजे आमच्या डाव्या हाताला त्याचा उजवा.

आईनं नारळ ठेवला, मेणबत्त्या लावल्या. त्या वाऱ्यानं विझल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा विझल्या. मग तिनं जास्वंदीच्या दोन पाकळ्या तांब्यातल्या पाण्यात भिजवून खुरिसाच्या दोन हातांवर समोरच्या अंगाला चिकटवल्या, मागं सरली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्यात गाऱ्हाणं बाप्ये घालतात. बाई बोलत नाही. पण आमच्या घरातला एक बाप्या देव मानत नव्हता आणि दुसऱ्याचाच तर प्रश्न होता.

"बा देवा म्हाराजा," आई मोठ्यानं म्हणाली. त्या उघड्या देवळात तिचा आवाज घुमला आणि भिंतीवरचे पारवे उडाले. "आज ही तुझी लेकरां लांबसून तुझ्या जल्माच्या जाग्यार इली हत. तुझो रिवाज आमका ठावक नाय. काय चुकला-माकला तर पदरात घे."

गाऱ्हाण्याला साथ द्यावी लागते. ती द्यायला मीच होते. "व्हय म्हाराजा," मी पुटपुटले.

"आमेन," वसईवाली म्हणाली.

"तू कवळो पोर असताना गेलंस. तुझा काय झाला तां तुझ्या आवशीक कोणी येवन सांगूक नाय. वाट बघून बघून मेली असतली ती. म्हणान तुका विचारतंय. तिका सांगूक जमला नाय, माका तरी सांग. माझो झील जिवंत आसा? आसात तर उजवो दी. नसात तर डावो दी. पण सांग रे म्हाराजा."

'व्हय म्हाराजा' माझ्या तोंडून फुटेना. वर्षभर ती 'कधी येईल' विचारत होती. जिवंत आहे का, हे तिनं आमच्यापैकी कुणापुढं कधीच उच्चारलं नव्हतं. मला वाटत होतं, हा विचार फक्त माझ्याच मनात येतो आणि मीच तेवढी दुष्ट. ती तर माझ्या कितीतरी पुढं जाऊन उभी होती.

खाडीकडून वारा येत होता. दोन्ही पाकळ्या कडांनी थरथरत होत्या. मी कौलाला हसणारी, रात्रशाळेत विज्ञान शिकलेली पोरगी, उजव्या पाकळीकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, पड. पड ना गं.

डावी पडली. गिरकी घेऊन गवतात गेली.

आई रडली नाही. तिनं ती पाकळी शोधून उचलली, डोळ्यांना लावली, पदराच्या टोकाला बांधली. नारळ वसईवालीच्या हातात दिला. "चल गो," मला म्हणाली आणि दाराबाहेर पडली. ज्याअर्थी तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही, त्याअर्थी तिनं ते मानलं होतं. मी तिच्या मागं धावले.

"आये, वारो होतो तो! वाऱ्यान पडली. मेणबत्ती ऱ्हवना, थय पाकळी काय ऱ्हवतली?"

"वारो कोणाचो मग?"

"आणि तो दगड आसा, आये. तेका तोंड नाय काय नाय. तुम्ही दोघींनी ठरवलास उजवो-डावो. उलटो धर, म्हणजे उजवी पडली!"

"आधी ठरवलेला. मागसून फिरवूचा नसता."

मी तिच्याशी कडाकडा भांडले. गावच्या देवाचे तीन उजवे कौल काढले, बेळगावची बातमी काढली. गंमत बघा, आयुष्यभर मी ज्याला थोतांड म्हणत आले त्याच्याशी आता मी नियमांवरून हुज्जत घालत होते. आई एका पडक्या चौथऱ्यावर बसली, टाच वर घेतली आणि काटा काढायला लागली. वसईवाली तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. माझ्याकडं दोघींपैकी कुणीच बघत नव्हतं.

मी परत आत गेले. या वेळी वहाणा दारात काढल्या. फडक्यात जास्वंद उरली होती. दोन पाकळ्या भिजवल्या. डावी अंगठ्यानं दाबून दाबून बसवली, उजवी नुसती टेकवली. काय म्हणायचं ते सुचेना. शेवटी म्हणाले, "दादा, ये रे." संताला की दादाला, मलाच सांगता येणार नाही.

वारा पडला होता. उजवी हलेना. मी तिच्यावर फुंकर मारली. तरी हलेना. आणि एवढी दाबून बसवलेली डावी, तिची एक कड मात्र हळूहळू सुटायला लागली. मी ती पूर्ण सुटू दिली नाही. पुढं झाले आणि उजवी पाकळी नखानं काढून खाली टाकली.

बाहेर आले. आई वहाणा हातात घेऊन उभी होती.

"आये, मी परत कौल लावलंय. उजवी पडली."

तिनं माझ्याकडं बघितलं. एवढं थेट तिनं मला त्या वर्षात बघितलं नव्हतं.

"खोटा बोलतंस."

मी वहाणा पायात सरकवल्या. ती चालायला लागली. चार पावलांवर थांबली आणि मागं न वळता म्हणाली, "बापाशीक पण असाच सांग. पण असा तोंड करून नको. सरळ सांग."

आम्ही चाळीत पोचलो तेव्हा वडिलांनी चूल पेटवून चहा टाकला होता, जो त्यांनी आयुष्यात कधी केला नव्हता. आम्ही उंबऱ्यात असतानाच त्यांनी विचारलं, "काय पडला?"

"उजवो," मी म्हणाले. सरळ म्हणाले.

"हं," एवढंच बोलून ते बाहेर गॅलरीत गेले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज जिन्यात ऐकू आला, मग खालच्या मजल्यावर, मग पानाच्या गादीपाशी. देव न मानणारा माझा बाप दारोदार सांगत फिरत होता की वसईचा कौल उजवा पडला.

त्या दिवसापासून आईनं इस्पितळांत आणि तुरुंगांत जाणं सोडलं. बातमी घेऊन कोणी आलं की ती त्याला चहा द्यायची आणि वडिलांकडं पाठवायची. पितृपक्षात वडील पाळीवर गेले की ती एक पान जास्त वाढायची. ते कुणाचं, हे मी विचारलं नाही.

पुढं मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीच्या गॅलऱ्यांतून पणत्या लागल्या, मी घसा फुटेपर्यंत गायले. वडील म्हणाले, आता राज्य आपलं, पोलिसांची भीती उरली नाही, आता येईल तो. दादा आला नाही. काही वर्षांनी कापसाच्या धुळीनं वडिलांची छाती भरली आणि ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवसांत त्यांना सारखी गुंगी असायची. एका दुपारी डोळे उघडून ते आईला म्हणाले, "माका डोळो लागता. तो इलो तर उठय हां. निजलंय म्हणान तसोच बसान ऱ्हवात."

आईनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"उठवतंय," ती म्हणाली. "तुम्ही निजा."